कंबर दुखते? आधी शॉकअप पाहा

राजूर घाट चढून कंबरदुखीचे रुग्ण येतात, गोळ्या मागतात. मी आधी विचारतो, गाडी किती जुनी? बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला ४ ते ६ कंपने सर्वांत जाचतात. शॉकअप गळाले, रबरी बुश झिजले की खड्ड्यांचे हादरे थेट पाठीत उतरतात. उशी घेऊन भागत नाही. बॉनेट जोरात दाबून सोडा; गाडी डुलतच राहिली तर शॉकअप संपले समजा. बदलताना डावा-उजवा जोडीनेच बदला. बॉल जॉइंटही दाखवा. तो घाटात निखळला तर चाक ताब्यात राहत नाही, मग कंबरेचे काय घेऊन बसलात! मात्र पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा गेला, तर गॅरेज राहू द्या. त्याच दिवशी दवाखाना गाठा.