लाकडी सांगाड्याचे घर : फायदा आणि खबरदारी

शिरूर-दौंड भागात नवे घर म्हटले की सिमेंट, वाळू, सळई एवढाच हिशेब होतो. आम्ही व्यापारी मंडळींनी लाकडाचाही हिशेब करून पाहावा.

आपली जुनी घरे 'खणां'वर मोजली जात. दगडी उथळ्यावर खांब, खांबांवर तुळया, त्यांवर कड्या. वजन सांगाडा पेलतो. भिंत केवळ आडोसा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी हजारो बळी घेतले. पण कित्येक घरांचे लाकडी खण भिंती पडूनही उभे राहिले.

फायदे तीन. सांगाडा हलका, म्हणून पायावर भार कमी. तो आधी कापून जागेवर जोडता येतो. पाणी मारत थांबावे लागत नाही. शिवाय चांगले सागवान घर मोडल्यावरही विकले जाते.

धोके दोन : वाळवी आणि आग. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले जळून गेले. म्हणून खांब ओलीपासून उंच ठेवावेत, वाळवीचे औषध मारावे, वायरिंग पाइपातून न्यावे. भिंती हलक्या व सांगाड्याला बांधलेल्या असाव्यात. खांब-तुळयांची जाडी इंजिनिअरकडून ठरवून घ्यावी.

कापडाचा पोत आपण बोटांनी पारखतो. लाकडाची ओल आणि गाभाही तसाच पारखावा, आणि पक्की पावती घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.