चष्मा उतरवून रिंगमध्ये उतरताना

मुलाला बॉक्सिंगच्या किंवा ज्युदोच्या क्लासला घालायला आलेले पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, याला चष्मा आहे, चालेल ना?" काही ठिकाणी 'चष्मा असेल तर नकोच' म्हणून त्यांची बोळवण होते. काही ठिकाणी सांगतात, 'लेन्स लावा, नाहीतर मोठा झाला की लेसर करून टाका, काही होत नाही.' दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि त्यातलं दुसरं जास्त धोक्याचं आहे. नीट दिसणं ही एक गोष्ट आणि डोळा मार सोसण्याइतका धडधाकट असणं ही दुसरी. चष्मा, लेन्स, लेसर यांनी पहिली साधते. दुसरीला त्यांचा काडीचा उपयोग नसतो, आणि कधी कधी त्यांच्यामुळेच ती बिघडते. या विषयातले जवळजवळ सगळे गैरसमज या गल्लतीतून आलेले आहेत.

गैरसमज : नंबर असलेल्याला समोरचा ठोसा दिसतच नाही

लांबचं न दिसणाऱ्या डोळ्याचं गणित सोपं आहे. १ ला नंबराने भागलं की किती मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं ते कळतं. मायनस १ ला १ मीटर, मायनस २ ला ५० सेंटिमीटर, मायनस ४ ला २५ सेंटिमीटर. जॅबच्या अंतरावर उभा असलेला प्रतिस्पर्धी आपल्या डोळ्यांपासून जेमतेम मीटरभर असतो. म्हणजे मायनस १ वाल्याचं चष्म्याविना फारसं काही अडत नाही. मायनस २ किंवा ३ वाल्याला चेहरा पुसट दिसतो, पण खांदा फिरला, कंबर वळली हे नक्की कळतं. अनुभवी प्रशिक्षक 'हाताकडे बघू नकोस, नजर छातीवर ठेव' असं सगळ्यांनाच सांगतात, कारण मूठ सुटायच्या आधी खांदा हलतो. कडेच्या नजरेने हालचाल टिपायला बारीक तपशील लागत नाही.

मायनस ५-६ च्या पुढे मात्र गोष्ट बदलते. समोरचा माणूस म्हणजे नुसता हलणारा ठिपका होतो, अंतराचा अंदाज चुकतो. मंद उजेडाच्या हॉलमध्ये बाहुली मोठी होते आणि सगळं आणखी धूसर होतं. अशा खेळाडूला ठोसे-लाथांच्या खेळात काहीतरी सोय हवीच. ज्युदो, कुस्ती, जिउ-जित्सू यांत एकदा पकड बसली की बरंचसं काम हाताला आणि अंगाला कळतं, त्यामुळे तिथे नंबर कमी आडवा येतो.

गैरसमज : लेन्स लावून स्पर्धेत उतरताच येत नाही

चष्मा चालत नाही, हे खरं. सॉफ्ट लेन्स मात्र बहुतेक खेळांत चालते. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत चष्म्याला बंदी आहे आणि सॉफ्ट लेन्सला खेळाडूच्या स्वतःच्या जबाबदारीवर परवानगी. हौशी बॉक्सिंगमध्येही सॉफ्ट लेन्स चालते, हार्ड लेन्स नाही. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या नियमावलीत तर अनेक वर्षं एक स्पष्ट कलम होतं : लढतीत लेन्स पडली, लगेच सापडली नाही आणि खेळाडू म्हणाला की लेन्सशिवाय मी खेळू शकत नाही, तर विजय प्रतिस्पर्ध्याला. लेन्सच्या भरवशावर सगळी तयारी करणाऱ्याने हे कलम ध्यानात ठेवावं. व्यावसायिक लढतींचे नियम देशोदेशी वेगळे असतात, ते आयोजकांकडून आधी लेखी घ्यावेत.

हार्ड लेन्स का नको? ती जेमतेम ९-१० मिलिमीटरची, बुबुळापेक्षाही लहान. एका धक्क्यात उडते, आणि डोळ्यात राहिली तर ठोशाखाली टोचते. सॉफ्ट लेन्स सुमारे १४ मिलिमीटरची असते, बुबुळ ओलांडून पांढऱ्या भागावर बसते, म्हणून टिकते. टिकते म्हणजे हलतच नाही असं नव्हे. तिरका फटका बसला, डोळ्यात घाम गेला, भुवईवर लावलेलं व्हॅसलिन ओघळून लेन्सवर आलं की ती सरकते किंवा तिच्यावर तेलकट पडदा धरतो. आणि हीच वेळ अशी असते की खेळाडूला काही करता येत नाही. हातात बँडेज, वर ग्लोव्हज. दोन फेऱ्यांमध्ये १ मिनिट मिळतं, तेवढ्यात कोपऱ्यातल्या माणसाने व्हॅसलिनच्या बोटांनी डोळ्यात हात घालणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

म्हणून लेन्स बँडेज बांधायच्या आधी, आरशासमोर, साबणाने धुऊन कोरड्या केलेल्या हातांनी लावावी. एकदा वापरून टाकून द्यायची, म्हणजे डेली डिस्पोजेबल घ्यावी. जास्तीची जोडी किटमध्ये असावी. आणि आठवड्यातून एखादा हलका सराव लेन्सशिवाय करावा, म्हणजे लढतीत एका डोळ्याची लेन्स गेली तरी धीर सुटत नाही. माझ्या मते या शेवटच्या सवयीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

गैरसमज : लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूपर्यंत पोचते

जाऊ शकत नाही. पापणीच्या आतलं पातळ आवरण वळून बुबुळाच्या कडेपर्यंत येतं, मागे वाटच नसते. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली घडी होऊन अडकते. खाली बघून पापणी हलकेच उचलली, लेन्ससाठी चालणारे थेंब घातले की ती खाली येते. मात्र फटक्याने पापणी सुजायला लागली असेल तर लेन्स ताबडतोब काढावी. तासाभराने डोळा उघडणारच नाही. डोळ्याला जखम झाल्याचा संशय असेल, तर काढायच्या खटपटीतही पडू नये, ते डॉक्टरांवर सोडावं.

गैरसमज : मातीत काय, मॅटवर काय, लेन्स ती लेन्सच

कोल्हापूरच्या तालमींत आजही लाल मातीच्या हौद्यात मेहनत चालते, आणि महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. मॅटवर डेली लेन्स लावून खेळणं ठीक आहे. मातीत लेन्स लावून उतरू नये, असं मी ठामपणे म्हणेन. मातीचा बारीक कण लेन्सखाली गेला की प्रत्येक पापणीच्या उघडझापीला बुबुळावर ओरखडा उठतो. साधा ओरखडा दोन दिवसांत भरतो. पण मातीत बुरशी असते. शेतात काम करताना डोळ्याला पान-काडी लागून बुबुळावर होणारी बुरशीची जखम आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची आहे. ती चिवट असते, औषध आठवडेच्या आठवडे चालतं आणि बरी झाली तरी पांढरा डाग मागे राहू शकतो. मातीतल्या कुस्तीत अंगाला अंग भिडलेलं असतं, धूसर नजरेने तिथे फारसं बिघडत नाही. वस्तादांनी चष्मेवाल्या पोराला नुसता चष्मा काढून खेळू द्यावं, ते जास्त सुरक्षित.

पाण्याचंही तसंच. मेहनत झाल्यावर लेन्स डोळ्यात असतानाच नळाखाली तोंड धुणं किंवा पडलेली लेन्स नळाच्या पाण्यात, त्याहून वाईट म्हणजे थुंकी लावून, पुन्हा बसवणं हे प्रकार सर्रास चालतात. नळाच्या आणि टाकीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. लेन्स वापरणाऱ्यांच्या बुबुळाला त्याचा संसर्ग झाला तर भयंकर वेदना होतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. आधी हात धुवावेत, मग लेन्स काढावी, मग तोंड. मॅटवर अंगाला अंग घासून पसरणारी हर्पीसची पुरळ डोळ्यातही जाऊ शकते. चेहऱ्यावर पाणीदार फोड दिसले की सराव बंद आणि लेन्सही बंद.

गैरसमज : लेसर केलं की लढायला मोकळे

कोणतं लेसर, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. बुबुळाचा पारदर्शक थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. लॅसिकमध्ये त्यातून सुमारे एक दशांश मिलिमीटरची चकती कापून झाकणासारखी उचलतात, खाली लेसर मारतात आणि ती परत बसवतात. दुसऱ्या दिवशीच लखलखीत दिसतं. पण ते झाकण मूळच्या ताकदीने कधीच जुळत नाही. बोट, अंगठा किंवा कोपर लागून काही वर्षांनंतरही ते सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

पीआरकेमध्ये झाकण कापत नाहीत. वरची नाजूक त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेसर मारतात. पहिले काही दिवस डोळा चांगलाच दुखतो, नजर स्थिरावायला आठवडे, कधी महिने लागतात. तरीही अंगावर मार घेणाऱ्या खेळाडूसाठी बहुतेक शल्यचिकित्सक हाच पर्याय सुचवतात. स्माइल पद्धतीतही झाकण नसतं, काही मिलिमीटरची बारीक चीर असते. त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य 'मी बॉक्सिंग करतो' किंवा 'मी कुस्ती खेळतो' हे असावं. ते सांगायचं राहून गेलं आणि लॅसिक झालं, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. वयाची अठरा वर्षं आणि निदान वर्षभर न बदललेला नंबर, या दोन अटी तर आहेतच. अठराच्या आतल्यांसाठी रात्री घालून झोपायच्या खास कडक लेन्स मिळतात. त्या बुबुळाला तात्पुरता आकार देतात आणि दिवसा काही न लावता दिसतं. मध्यम नंबरापर्यंत त्या उपयोगी पडतात, मात्र स्वच्छतेत ढिलाई चालत नाही.

गैरसमज : नंबर गेला की धोका गेला

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. सामान्य डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. लांबचं न दिसणारा डोळा मुळात लांबट झालेला असतो. दर मिलिमीटरला अडीच-तीन नंबर वाढतो, म्हणजे मायनस ६ चा डोळा २६ मिलिमीटरच्या आसपास. डोळा लांबला की आतला पडदा ताणला जातो, कडेला विरळ होतो, काहींच्या पडद्याला बारीक छिद्रंही असतात. समोरून ठोसा बसला की डोळा पुढून मागे दबतो आणि मधून फुगतो. आतला जेलीसारखा पदार्थ पडद्याची कड ओढतो. विरळ जागा तिथे फाटते, फटीतून पाणी आत शिरतं आणि पडदा सुटू लागतो.

लेसरने बुबुळ पुढून किंचित चपटं होतं. डोळ्याची लांबी तीच राहते. मायनस ७ चा चष्मा गेलेल्या पैलवानाचा पडदा आजही मायनस ७ चाच असतो.

म्हणून मायनस ३-४ च्या वर नंबर असलेल्या, किंवा घरात कुणाचा पडदा सुटलेला आहे अशा प्रत्येकाने स्पर्धेत उतरण्याआधी आणि मग दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कडेपर्यंत तपासणी करून घ्यावी. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर फक्त नंबर निघतो, ही तपासणी तिथे होत नाही. थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, त्या दिवशी सराव ठेवू नये. छिद्र सापडलं तर त्याभोवती लेसरने कडं करून ते पक्कं करता येतं. त्यानंतरही ठोशांचा खेळ खेळायचा की नाही, हे पडद्याच्या डॉक्टरांनी ठरवावं.

इथे बॉक्सर शुगर रे लेनर्डचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. १९८२ मध्ये त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा अंशतः सुटला, शस्त्रक्रिया झाली, त्याने निवृत्ती जाहीर केली. १९८४ मध्ये तो परतला आणि १९८७ मध्ये त्याने मार्विन हॅगलरला हरवलं. हे खरं आहे. मिश्र मार्शल आर्ट्समधल्या (एमएमए) मायकेल बिस्पिंगची गोष्टही तितकीच खरी आहे. २०१३ मध्ये व्हिटोर बेलफोर्टविरुद्धच्या लढतीत त्याच्या उजव्या डोळ्याला मार बसला, पडदा सुटला, अनेक शस्त्रक्रिया होऊनही त्या डोळ्याची नजर गेली. हे लपवत तो लढत राहिला आणि २०१६ मध्ये यूएफसीचा मिडलवेट विजेताही झाला. आज त्या डोळ्यावर कृत्रिम कवच आहे. त्याच्या जिद्दीचं कौतुक मलाही आहे, पण सतरा वर्षांच्या मुलासमोर ही कथा आदर्श म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. एक डोळा गेलेल्या माणसाला पुढचा प्रत्येक ठोसा उरलेल्या डोळ्याच्या बदल्यात घ्यावा लागतो.

गैरसमज : हेडगार्ड घातलं की डोळा सुरक्षित

हेडगार्ड भुवई आणि गाल फुटण्यापासून वाचवतं. डोळ्यासमोर ते उघडंच असतं, तिथून अंगठा आरामात आत येतो. शिवाय कडेची नजर थोडी अडते. आणि स्पर्धेत ते असेलच असंही नाही : हौशी बॉक्सिंगमधल्या वरिष्ठ पुरुषांचं हेडगार्ड २०१३ मध्ये काढून टाकण्यात आलं. राहिले पॉलिकार्बोनेटचे खेळाचे चष्मे. ते बॅडमिंटन-स्क्वॉशला उत्तम, आणि सावलीशी लढणं, बॅग मारणं, दोरीच्या उड्या यांनाही चालतात. समोर माणूस आला की ते काढावेत.

गैरसमज : नजर फार अधू असेल तर या खेळांचा नाद सोडावा

अंध आणि अंशतः अंध खेळाडूंचा ज्युदो १९८८ च्या सोलपासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. तिथे लढत सुरू होतानाच दोघांच्या हाती एकमेकांची पकड दिलेली असते, बाकी ज्युदो तोच. २०२४ मध्ये पॅरिसला मध्य प्रदेशच्या कपिल परमारने ६० किलो गटात कांस्य जिंकलं, पॅरालिम्पिक ज्युदोमधलं भारताचं पहिलं पदक. फार मोठा नंबर असलेल्या मुलाला बॉक्सिंगला नाही म्हणताना पकडीच्या खेळाचा रस्ता दाखवायला हवा. तिथेही पडल्या-आपटल्याचे धक्के बसतात, त्यामुळे पडद्याची तपासणी चुकत नाही.

गैरसमज : दुखत नाही, म्हणजे काही झालं नाही

पडदा सुटताना दुखत नाही. विजेसारखे लखलखाट होतात, अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागते, कडेने सावली सरकत येते. फटका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकतातच, म्हणून खेळाडू ते अंगावर काढतो. फटक्यानंतरचे काजवे क्षणात विझतात. तासाभराने, रात्री अंधारात किंवा दोन-चार दिवसांनी पुन्हा दिसू लागले, तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जावं. सावली मधोमध पोचण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

बुबुळामागे लालसर रक्त साचलेलं दिसलं, एकाची दोन माणसं दिसू लागली, डोळा आत गेल्यासारखा वाटला किंवा बाहुलीचा आकार वेडावाकडा झाला, तर लढत तिथेच थांबवावी. डोळा चोळू नये, दाबून बर्फ लावू नये. डोळ्याखालचं हाड मोडल्याची शंका असेल तर नाक शिंकरू नये, कारण हवा खोबणीत शिरते. कागदी कपासारखं काहीतरी डोळ्यावर न दाबता झाकण म्हणून बसवावं, डोकं वर ठेवून खेळाडूला बसवावं आणि नेत्र विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावं. लेन्स डोळ्यात आहे की नाही आणि लेसर झालंय का, या दोन गोष्टी तिथे पोचताच सांगाव्यात.