निवेदन दिले, फोटो काढला, पुढे काय?

जयंतीची मिरवणूक अडवली, विहाराच्या जागेवरून धमक्या आल्या, की आपण काय करतो? पाच-पंचवीस जण जमतो, तहसील कचेरीवर जातो, निवेदन देतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो. सिरसाळा परिसरातल्या तरुणांबरोबर बसताना आम्ही अशी बरीच निवेदने वाचली. शेवट बहुधा एकच असतो : ‘दोषींवर कडक कारवाई करावी, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ यातला राग खरा आहे. पण अधिकाऱ्याने उद्या सकाळी नेमके काय करायचे, ते त्यात नसते.

वेळेवर संरक्षण न मिळण्याची किंमत खैरलांजीने मोजली. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, घरावर जमाव आला. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन मारले गेले. पुढे शिक्षा झाल्या, पण सत्र न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही अॅट्रॉसिटी कायद्याची कलमे लागू केली नाहीत.

तेव्हा या कायद्यात पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण नव्हते. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना धमकी, दबाव, हिंसा यांपासून वाचवणे हे आता शासनाचे कर्तव्य आहे. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. ही सूचना बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सांगितले.

म्हणून निवेदन लिहिताना काही गोष्टी पाळूया.

पहिली : गुन्हा घडला असेल तर निवेदनावर थांबू नका, पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. कलम १८अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. फिर्याद वाचून घ्या, मगच सही करा आणि प्रत मागा. नोंद नाकारली तर तीच फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा.

दुसरी : गुन्हा घडण्याची भीती असेल तर कलम १७ चा उल्लेख करा. जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा उपअधीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी या कलमाखाली परिसर अत्याचारप्रवण घोषित करून प्रतिबंधक कारवाई करू शकतो. धमकी कोणी, कोणत्या तारखेला, कुठे, कोणत्या शब्दांत दिली आणि कोणी ऐकली, ते लिहा. मग मागणी करा : वस्तीवर बंदोबस्त, रात्रीची गस्त, अमुक साक्षीदारांना संरक्षण.

तिसरी : बहिष्कार असेल तर तो शब्द स्पष्ट लिहा. किराणा नाकारला, मजुरी बंद केली, दळण दळून दिले नाही, असे प्रसंग तारखेनिशी मांडा. अनुसूचित जातींवरचा सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

चौथी : जातीच्या रकान्यात नुसते ‘बौद्ध’ लिहून सोडू नका, प्रमाणपत्रावरची नोंदही लिहा. जात सोडली तरी ती पुन्हा कागदावर लिहायची, हे अनेकांना खटकते, आम्हालाही खटकते. पण हा कायदा अनुसूचित जातीच्या व्यक्तीला संरक्षण देतो आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्यात समावेश झाला. आपण धम्म स्वीकारला म्हणून गावातला जातीचा राग थांबलेला नाही, हे वास्तव कायदा ओळखतो.

पाचवी : आवक क्रमांक, शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. एक प्रत जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षकांना, एक समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांना द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. आपला विषय तिथे घेण्याची लेखी मागणी करा आणि बैठकीनंतर माहिती अधिकारात इतिवृत्त मागा.

कागद नीट लिहिला की संरक्षण मिळतेच, असे आम्ही म्हणणार नाही. पण उद्या काही घडले तर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कोणा अधिकाऱ्याला म्हणता येणार नाही. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकालाही कलम ४ खाली शिक्षा आहे, आणि त्यासाठीचा पहिला पुरावा म्हणजे आपल्या हातातली पोच. फोटो काढाच, पण पोच जपून ठेवा.