आजीची पुडी आणि प्रयोगशाळेतील गांडूळ

वावडिंग, पळसाचे बी, ओवा: जंतांवर ही नावे खानदेशातील कोणतीही आजी सांगेल. अमळनेरच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून ती पुडीने मिळतातही. त्यांचा गुण खरा की नुसता समज, हा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही.

तो विचारणारे आपल्याकडे झालेच नाहीत, असे नव्हे. 1920 च्या आगेमागे डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर कायस यांनी मद्रास इलाख्यातील अंकुशकृमींच्या पाहणीच्या निमित्ताने कृमिनाशके पद्धतशीर तपासली. अनवाणी शेतकऱ्याच्या तळपायातून शिरून रक्त शोषणारे हे जंत. कीर्तिकर-बसूंच्या वनस्पतिग्रंथाची 1933 ची आवृत्ती सिद्ध करणाऱ्यांतही हे दोघे होते. परंपरेचा अभ्यास आणि तिची परीक्षा एकाच हाताने होऊ शकते, ती अशी.

ओव्याची कथा तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा जर्मनीस जाई आणि त्यातून थायमॉल निघे. 1909 नंतर रॉकफेलर यांच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमींविरुद्ध जी मोहीम झाली, तीत हेच औषध वापरले गेले. बी आपले, मात्रा ठरविण्याचे कष्ट आणि नफा परक्यांचा!

आज औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून अशा परीक्षा होतात, पण बहुधा गांडुळांवर. अर्कात गांडूळ किती मिनिटांत मरते हे मोजले की वनस्पती ‘कृमिघ्न’ ठरते. गांडूळ मातीत राहते, आतड्यात नव्हे. मुलाच्या पोटात जंत मरतात काय आणि मुलास अपाय होतो काय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी औषधापूर्वी व नंतर विष्ठेतील जंतांची अंडी मोजावी लागतात, तुलनेस अल्बेंडाझोल घ्यावे लागते. त्याही आधी, वावडिंग म्हणून विकले जाणारे फळ नेमके कोणत्या जातीचे, हे पक्के करावे लागते, कारण त्या नावाने एकाहून अधिक फळे बाजारात येतात.

हा खर्च कोणी सोसावा? ज्याची पुडी कोणीही बांधू शकतो, त्यावर मक्तेदारी मिळत नाही. मग कंपनी पैसा का घालील? 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल मोफत मिळते, ही मोठीच सोय. परंतु शेळ्यामेंढ्यांतील जंत याच वर्गातील औषधांना दाद देईनासे झाल्याचे आपल्या देशातही आढळले आहे. तेव्हा हे अनुदान सरकारनेच द्यावयास हवे. आणि एखादे बी निरुपयोगी ठरले, तर तो निष्कर्षही तितक्याच ठळकपणे छापला जावा.