भक्कम फौज, तरी बरोबरी!

काळ्याकडे राजा आणि प्याद्यांशिवाय वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने २०१७ मध्ये मांडलेली ही स्थिती पाहून बुद्धिबळाचे प्रोग्रॅम काळा जिंकणार म्हणून मोकळे होत.

प्रत्यक्षात डाव सहज बरोबरीत सुटतो. वजीर आणि हत्ती प्याद्यांच्या गर्दीत अडकलेले, तिन्ही उंट काळ्या घरांचे. पांढरा राजा पांढऱ्या घरांवर येरझाऱ्या घालत राहिला की त्याला कोण शह देणार? माणसाला हे नजरेत भरते. त्यावेळचे प्रोग्रॅम मोहऱ्यांचे मोल मांडत, ठरावीक खोलीपर्यंत चाली तपासत. पुढेही काहीच घडणार नाही, हे त्यांना उमगत नसे.

उलटही घडते: मोहरा गमावणारी चालच डाव जिंकून देते. स्पेनमधील लिनारेस येथे १९९८ साली ग्रँडमास्टर टोपालोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्हने ४७व्या चालीला एच३ घरावर उंट चक्क फुकट दिला. त्याला राजा पुढे नेण्यासाठी एक चाल वाचवायची होती. टोपालोव्हने काही चालींतच डाव सोडला. ही चाल पुढे कित्येक वर्षे प्रोग्रॅमना सुचत नव्हती.

पटावर राजे धरून सातच मोहरे उरले, की अंदाजाची गरज संपते. ‘टेबलबेस’मध्ये अशा स्थितींची उत्तरे तयार असतात. मॉस्कोत २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘लोमोनोसोव्ह’ संचात तर मात व्हायला ५४९ चाली लागणारी स्थिती सापडली!