कन्हानचे पाणी आणि उशिरा येणारे अहवाल

कन्हान नदी छिंदवाड्याच्या बाजूने सातपुडा उतरते, बिना संगमावर कोलार आणि पेंचला सोबत घेते आणि कन्हान गावापाशी येते. इथल्या जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता दिवसाला 240 दशलक्ष लिटर असून पूर्व आणि उत्तर नागपुरातल्या वस्त्या याच पाण्यावर जगतात. गावाच्या खालच्या अंगाला नागपूरचे सांडपाणी घेऊन येणारी नागनदी तिला मिळते. पुढे हे सगळे पाणी कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. शहर ज्या नदीचे पाणी पिते तिलाच ते आपले सांडपाणी परत करते, आणि ते सोसावे लागते खालच्या गावांतल्या ढिवरांना आणि शेतकऱ्यांना. या पाण्यातले सूक्ष्मजीव ओळखण्याची विद्या मात्र दूर कुठे शोधायला नको. 1958 साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरातच सुरू झाली. 1974 पासून आपण तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतो. असे असूनही पाण्याची रोजची तपासणी अजून प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरते: त्यात कोलिफॉर्म जिवाणू आहेत का? हा प्रश्न आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. नदी, नाले आणि सांडपाणी यांतल्या जंतूंची नियमित पाहणी हे संशोधन प्रकल्पांपुरते काम न राहता आरोग्य यंत्रणेचे रोजचे काम झाले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

कोलिफॉर्मची चाचणी मुळात विष्ठेची खूण शोधते. माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा कोलिफॉर्म जिवाणू पाण्यात सापडला, तर त्या पाण्यात मैला मिसळला आहे आणि त्याबरोबर कॉलरा, टायफॉइड, हगवण यांचे जंतूही आलेले असू शकतात, असे अनुमान काढता येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय आढळता कामा नये. या साध्या नियमाने असंख्य जीव वाचवले आहेत. गावोगावचे जलसुरक्षक टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट करतात, पावसाळ्याच्या आगेमागे ग्रामपंचायतीला पाण्याच्या जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते, ते याच विचारातून. त्या कामाला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. अडचण दोन ठिकाणी येते. जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीला एक-दोन दिवस लागतात आणि तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. शिवाय ई. कोलाय क्लोरीनने लवकर मरतो. काही विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी मात्र त्याच्या तुलनेत क्लोरीनला फारशी दाद देत नाहीत. त्यामुळे खूण पुसली जाते आणि धोका मागे उरतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच देशातला आहे. 1955 साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह पाणी उचलण्याच्या ठिकाणापासून सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे वळून तिथे पोहोचले. कर्मचाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. टायफॉइड आणि हगवण वाढली नाही, म्हणजे जिवाणूंपुरता उपाय लागू पडला. पण काही आठवड्यांत सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. पुढे हा हिपॅटायटिस ई या विषाणूचा उद्रेक असल्याचे स्पष्ट झाले. क्लोरीन टाकले की प्रश्न मिटला, असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना नीट समजून घ्यावी.

कन्हानला तर आणखी एक गुंता आहे. जुलै 2022 मध्ये कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा राखबंधाऱ्याला भगदाड पडले, राख नदीत आली आणि नागपूरचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. याकडे केवळ राखेचे प्रदूषण म्हणून पाहिले गेले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाजूने पाहिले, तर गढूळ पाण्यातल्या बारीक कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून बचावतात, तुरटीने गाळ बसवण्याच्या टाक्यांवर आणि वाळूच्या गाळण्यांवर ताण येतो. राख, कोळसा आणि मैला यांची खाती सरकारदरबारी वेगळी असतील, पाण्यात ती वेगळी राहत नाहीत.

मग करायचे काय? याचे उत्तर सांडपाण्यातच आहे. आजारी माणूस दवाखान्यात जाण्याआधीच त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडू लागतात, आणि लक्षणे नसलेल्या माणसाचे जंतूही नाल्यात उतरतात. मुंबईत पोलिओच्या विषाणूसाठी सांडपाण्याचे नमुने 2001 पासून घेतले जात आहेत. कोरोनाच्या काळात हीच पद्धत जगभर वापरली गेली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या अभ्यासात प्रभावी प्रतिजैविके निष्फळ करणारे एनडीएम-1 हे जनुक साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत सापडले. कोणत्याही एका रुग्णालयाच्या नोंदीतून एवढे व्यापक चित्र दिसले नसते. नागपुरात नीरीच्या पर्यावरणीय विषाणूशास्त्र विभागाने 2021 मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोरोना तपासण्याची सोपी पद्धत दिली. तेव्हा कौशल्य इथे आहे. त्याला कायमचे काम द्यायला हवे.

यावर रास्त आक्षेप आहेत. पहिला असा की तपासण्यांवर खर्च करण्यापेक्षा सांडपाणी शुद्ध करा. शुद्धीकरणाला पर्याय नाहीच, आणि भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना देऊन नागपूरने चांगले पाऊल उचलले आहे. पण नेहमीच्या प्रक्रियेतून सगळे विषाणू आणि प्रतिरोधक जनुके निघून जात नाहीत, आणि प्रक्रिया किती काम करते आहे हे तपासणीशिवाय कळणार कसे? दुसरा आक्षेप असा की लहान गावांत भुयारी गटारे नाहीत, नमुना घ्यायचा कुठून? उघड्या नाल्यांतून घ्यावा लागेल. पावसाने तो पातळ होईल, त्यात जनावरांचे शेण मिसळेल, म्हणून आकड्यांचा अर्थ जपून लावावा लागेल. अशा नमुन्यावरून कोणत्या घरात कोण आजारी आहे हे सांगता येणार नाही, पण जंतूचे प्रमाण आठवड्यागणिक वाढते आहे का, हे ओळखता येईल, आणि इशाऱ्याला तेवढे पुरते. तिसरा आक्षेप असा की असे अहवाल जाहीर केले तर घबराट पसरेल. पण पुण्यात काय झाले ते पाहा. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, आणि लोकांचे लक्ष विहिरीच्या व नळाच्या पाण्याकडे वळले ते रुग्ण दाखल झाल्यावर. घबराट तेव्हाही झालीच. फक्त ती टाळण्याची वेळ निघून गेली होती.

कन्हानसाठी मागणी फार मोठी नाही. बिना संगम, कन्हानचे पाणी उचलण्याचे ठिकाण, नागनदीच्या संगमाची खालची बाजू आणि अंभोरा अशा मोजक्या जागी दर आठवड्याला, पावसाळ्यात अधिक वेळा, नमुने घ्यावेत. ई. कोलायबरोबर आतड्यांतले विषाणू आणि औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची जनुके तपासावीत. नीरी, महापालिका, जिल्हा परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी अहवाल एकत्र वाचावेत आणि ते मराठीत ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावेत. नदीकाठच्या नागरिकांनी येत्या ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत एवढा ठराव जरूर मांडावा.