साखर घराण्यातली, सवय रोजची

मधुमेहाचे निदान झाले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक, ‘घराण्यातच साखर आहे, त्याला कोण काय करणार?’ दुसरे, ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती.’ पहिले सगळा भार दैवावर टाकते, दुसरे रोग्याच्या माथी मारते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर. एवढ्या माणसांचा हिशेब दैवाने लागत नाही आणि दटावण्यानेही लागत नाही.

घराण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खोटा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा त्यांचे स्नायू कितीतरी कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगाने सडसडीत माणूसही आतून धोक्यात असू शकतो, हे यातून स्पष्ट होते. हा धोका जन्माआधीच रुजतो, आणि आईचे पोषण आपण निवडत नाही. म्हणून रोग्याला दोष देणे अन्यायाचेच आहे.

पण धोका वारशाने आला म्हणजे आजार अटळ ठरला, असे नाही. चेन्नईत साखर सीमेवर असलेल्या ५३१ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार बदलून रोज चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के होते. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांतही जवळपास तेवढेच, ४०.५ टक्के. विशेष म्हणजे चालणाऱ्यांचे वजन फारसे घटले नव्हते, तरी फायदा झाला. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली सुरू झालेला असाच प्रयोग सहा वर्षांत संपला. तीस वर्षांनी पाहिले तर सवयी बदललेल्या गटात मधुमेह सरासरी चार वर्षांनी लांबला होता आणि हृदयविकारही कमी होते.

खरा आक्षेप वेगळाच आहे. बारा तास पाळी करून येणाऱ्याने चालायचे कधी, आणि रस्त्याला पदपथच नसेल तर कुठे? तो मला पूर्णपणे मान्य आहे, आणि त्याचे उत्तर फिनलंडच्या उत्तर कारेलियात मिळते. तिथे हृदयविकार रोखण्यासाठी १९७२पासून पेक्का पुस्का यांच्या चमूने केवळ भाषणे दिली नाहीत. गृहिणींच्या संघटना, दुग्धव्यवसाय, खाद्यउद्योग, शाळा यांना बरोबर घेऊन लोणी, मीठ आणि तंबाखू कमी केली. पुढच्या चार दशकांत कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. त्यात औषधोपचारांचाही वाटा आहे, पण घसरणीचा मोठा भाग सवयी बदलल्याने झाला. ताटात सरकारने नाक खुपसू नये, असे म्हणणाऱ्यांनी गुटख्याचा विचार करावा: महाराष्ट्रात २०१२ साली त्यावर बंदी आली, ती तोंडाचे कर्करोग पाहूनच. अंमलबजावणी ढिली आहे, हे बंदीविरुद्धचे कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडे आरोग्य केंद्रांतून तिशीपुढच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सरकारी योजना आहे. चेन्नईच्या चाचणीत माणसांना दर महिन्याला फोन जात असे आणि दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भेट होत असे. गावातल्या आरोग्य केंद्रात साखर सीमेवर निघालेल्या माणसाला हा फोन कोण करणार, हे ठरवून त्या कामासाठी माणूस नेमणे आजच शक्य आहे.